शनिवार सकाळची पाटी

अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर शनिवारची सकाळ कित्येक दशके मुलांसाठी राखून ठेवलेली असे, आणि त्या सकाळच्या सलग काही तासांच्या कार्यक्रमांची जी मालिका एका नावाखाली दाखवली जाते, तिला त्या व्यवसायात ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकचे बोधचिन्ह वेगळे असते, संगीत वेगळे असते, आणि त्यामुळे निरनिराळ्या निर्मात्यांचे कार्यक्रम पाहणाऱ्या मुलाला ते सारे एकाच घरचे वाटतात. ब्लॉकचे नाव ही त्या घराच्या दारावरची पाटी होय. घराचा ताबा कोणाकडे गेला, हे मुलांना कोणी सांगत नाही, पण पाटी नीट वाचली तर ते कळते. फॉक्स नेटवर्कच्या बाबतीत हे विशेष स्पष्टपणे दिसते.

फॉक्सचा ब्लॉक ८ सप्टेंबर १९९० रोजी ‘फॉक्स चिल्ड्रन्स नेटवर्क’ या नावाने, मार्गारेट लेश यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘फॉक्स किड्स’ झाले. ‘चिल्ड्रन’ हा कचेरीतला शब्द, ‘किड्स’ हा अंगणातला. एवढ्या फरकाने पाटी मोठ्यांच्या भाषेतून मुलांच्या बोलीत आली, आणि आरंभीची ही दुरुस्ती साऱ्या नामांतरांत सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. नेटवर्कचे कार्यक्रम प्रत्यक्ष घराघरांत पोहोचवणारी स्थानिक केंद्रे, म्हणजे ‘संलग्न केंद्रे’, या उपक्रमात भागीदार होती, त्यामुळे तो यशस्वी व्हावा यात त्यांचाही स्वार्थ होता. १९९२ मध्ये बॅटमॅन आणि एक्स-मेन यांच्या चित्रमालिका आल्या. १९९३ मध्ये ‘पॉवर रेंजर्स’ आली, जिच्यातील मारामारीची बरीच दृश्ये एका जपानी मालिकेतून घेतलेली होती आणि मुखवट्याबाहेरचे प्रसंग अमेरिकी नटांना घेऊन नव्याने चित्रित केलेले होते.

या मालिकेची निर्माती सबान कंपनी पुढे फॉक्सच्या बालविभागाशी एकत्र आली आणि २००१ मध्ये हा सारा व्यवसाय डिझ्नीने विकत घेतला. शनिवार सकाळची जागा तेवढी फॉक्सकडे उरली, पण ती भरण्याचे साधन हातचे गेले. म्हणून फॉक्सने ती वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर भाड्याने ‘फोरकिड्स’ या कंपनीला दिली. १४ सप्टेंबर २००२ रोजी ‘फॉक्सबॉक्स’ ही नवी पाटी लागली. त्याच सकाळी डिझ्नीच्या मालकीच्या एबीसी नेटवर्कवर ‘एबीसी किड्स’ हा नवा ब्लॉक उघडला, आणि ‘पॉवर रेंजर्स’चे त्या वर्षीचे कथानक, जे अर्धे फॉक्सवर झाले होते, तेथे पुढे सुरू झाले. एकच गोष्ट मध्यावर एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली गेली. मुलांना ती शोधत जावे लागले.

फोरकिड्सचा मुख्य धंदा परवान्यांचा होता, म्हणजे पात्रांचे चित्र खेळणी, कपडे, दप्तरे यांवर छापण्याचा हक्क कारखानदारांना विकण्याचा. अशा कंपनीला आपले नाव मुलांच्या तोंडी बसणे मोलाचे वाटणारच, आणि २२ जानेवारी २००५ पासून ब्लॉक ‘फोरकिड्स टीव्ही’ झाला. घरमालकाचे नाव पाटीवरून उतरले आणि भाडेकरूचे चढले. पुढे भाडे आणि प्रसारणाची व्याप्ती यांवरून दोघांत वाद झाला, आणि २७ डिसेंबर २००८ रोजी ब्लॉक बंद पडला. आठवडाभरातच त्या जागेतील दोन तास ‘वीकेंड मार्केटप्लेस’ या नावाने दीर्घ जाहिरातपटांना दिले गेले. मुलांसाठी राखलेल्या सकाळची याहून मोठी हानी कल्पिणे कठीण आहे.

इतर नेटवर्कांवर ‘किड्स’ हा शब्द अधिक हळूहळू मागे पडला, आणि त्याचे एक कारण कायद्यात सापडते. १९९० च्या बालदूरचित्रवाणी कायद्याने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमांत शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवण्यास मनाई केली. १९९६ च्या नियमांनी सोळा वर्षांपर्यंतच्यांसाठी आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांची अपेक्षा ठेवली. तेरा ते सोळा वयोगटासाठी कार्यक्रम केला, तर तो त्या तीन तासांत मोजला जातो आणि जाहिरातींची मर्यादा त्याला लागत नाही. २०११ मध्ये ‘एबीसी किड्स’च्या जागी याच वयोगटासाठी आखलेला, प्राणी आणि प्रवास यांवरील कार्यक्रमांचा ‘वीकेंड ॲडव्हेंचर’ आला. त्यात पुष्कळ उपयुक्त माहिती होती, पण सहा वर्षांच्या मुलासाठी तेथे काही उरले नव्हते.

२७ सप्टेंबर २०१४ रोजी ‘द सीडब्ल्यू’ या नेटवर्कवरील ‘व्होर्टेक्स’ हा चित्रमालिकांचा ब्लॉक संपला आणि मोठ्या नेटवर्कांवरील शनिवार सकाळच्या कार्टूनची जुनी परंपरा त्याच्याबरोबर थांबली. पुढच्या शनिवारी तेथे ‘वन मॅग्निफिसंट मॉर्निंग’ सुरू झाला. त्याच्या पाटीवर मुलांचा उल्लेख नव्हता. कार्यक्रम शैक्षणिक असल्याची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात ‘ई/आय’ ही दोन बारीक अक्षरे मात्र होती.