गाडी नापास का होते?

सोलापूरच्या सात रस्त्यावर सायंकाळी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. समोरून जाणाऱ्या मोटारसायकलींवर कोण असते? थापीची पिशवी हँडलला अडकवलेला गवंडी, रंगाचे डबे बांधलेला रंगारी, पाळीवर निघालेला यंत्रमाग कामगार, विडी कारखान्यातून आईला घरी नेणारा मुलगा. ज्यांच्या बापजाद्यांनी सायकल रेटली, त्यांनी हप्त्यावर घेतलेली ही गाडी. ती चैनीची वस्तू नव्हे. ती बंद पडली की दिवसाची हजेरी बुडते.

असाच एक गवंडी बांधव आमच्याकडे आला. गाडी सोळा वर्षांची. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नेली आणि तपासणीत नापास झाली. बाहेर एजंट टपलेलाच होता. तो म्हणाला, "एवढे एवढे द्या, पास करून आणतो. नाहीतर भंगारात घाला." बांधवाने आम्हाला विचारले, "जयभीम वकीलसाहेब, पंधरा वर्षं झाली की गाडी सरकारजमा होते का?"

होत नाही! पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील बंदीचा जो गाजावाजा झाला, तो दिल्ली आणि तिच्या परिसरातील आदेशांचा होता. महाराष्ट्राला मोटार वाहन कायदा, १९८८ लागू आहे. त्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, तोही मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांत. मोटारसायकलीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १००० रुपये झाले. वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. ही रक्कम गरिबाला जड आहे, यात शंका नाही. पण गाडी भंगारात घालून नव्या गाडीचे कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा ती हलकीच म्हणावी लागेल.

मग गाडी नापास का होते? आम्ही त्या बांधवाला घेऊन वस्तीतल्याच एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने दोष दाखवले ते असे. ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा लागत नव्हता, कारण स्विचची तार गंजली होती. मागचे टायर गुळगुळीत झाले होते. दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान ०.८ मिलीमीटर असावी, असा नियम आहे. कोनसेट झिजल्याने हँडल खडखडत होते. ब्रेक लायनर संपले होते. हॉर्न मुका, आरसा एकच. एअर फिल्टर सिमेंटच्या धुळीने चोंदला होता, त्यामुळे पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड जास्त येत होता. एप्रिल २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला ही मर्यादा साडेतीन टक्के आहे. बीएस-४ व त्यानंतरच्या गाड्यांना ती याहून कडक आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे चेसिस नंबरवर इतका गंज होता की आकडे वाचता येत नव्हते.

यात इंजिनाचा एकही दोष नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तेव्हापासून शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी कष्टकऱ्याला भरवशाचे इंजिन दिले. वेळेवर ऑइल बदलले तर ते वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. पण त्यामुळेच आपण गाफील राहतो. इंजिन चालते म्हणजे गाडी ठीक आहे, असा आपला समज होतो. तपासणारा अधिकारी पाहतो ते वेगळेच. गाडी थांबते का, मागच्याला दिसते का, सरळ चालते का, आणि कागदावर आहे तीच गाडी ही आहे का?

आता एजंटच्या प्रश्नाकडे वळू. पैसे देऊन नापास गाडी पास झाली, तर ब्रेक दुरुस्त होतो काय? केवळ कागद दुरुस्त होतो. नूतनीकरण नाकारले तर कलम ४५ प्रमाणे कारणांसह आदेशाची प्रत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तो आदेश मान्य नसेल तर कलम ५७ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येते. तेव्हा लेखी कारण मागा. तोंडी नकारावर एजंटचे पोट भरते. लेखी कारण हातात आले की त्याचे दुकान बंद होते.

हा प्रश्न केवळ दंडाचा नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. अपघात दाव्यांत आम्हाला पुनःपुन्हा दिसते ते असे : गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, पैसे दिलेले, पण नाव बदललेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केले की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. म्हणजे विकणाराही बुडतो. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या घरादारातून वसूल होते. आणि केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्या पत्नीलाही त्याचे संरक्षण मिळत नाही. टिळक सिंग प्रकरणातील २००६ चा निकाल तसाच आहे. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते आपण घेतले आहे काय, हे किती जणांनी आपली पॉलिसी उघडून पाहिले?

त्या बांधवाची गाडी दुरुस्त झाली. एजंटने मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्च आला, तोही टायरसकट. दुसऱ्या तपासणीत ती पास झाली. कोणालाही एक पैसा द्यावा लागला नाही.

आमची सूचना साधी आहे. १ जानेवारीला सोलापूरहून भीमा कोरेगावला शेकडो तरुण मोटारसायकलीने जातात. अडीचशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, थंडी, पहाटेचे धुके आणि पुढे मालट्रक. जाण्यापूर्वीच्या रविवारी प्रत्येक विहारासमोर गाड्या उभ्या कराव्यात. आपल्याच वस्तीत मिस्त्री मुले आहेत. त्यांना मजुरी देऊन दिवे, ब्रेक, टायर, कोनसेट तपासून घ्यावेत. एका टेबलावर कोणी शिकलेल्या मुलीने प्रत्येकाचे नोंदणीपुस्तक, विमा आणि पीयूसीची तारीख पाहून वहीत लिहावी. ज्याची मुदत संपत आली असेल त्याला तिथेच सांगावे.

यासाठी ना निधी लागतो, ना पुढारी लागतो. अभिवादनाला गेलेला प्रत्येक मुलगा संध्याकाळी सुखरूप घरी यावा, एवढीच अपेक्षा आहे. जयभीम!