शिक्का आहे, शिक्षा नाही (दंडाधिकारी : लेखांक ९)

प्रथम वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांहून अधिक कैद देता येत नाही. मग समोरचा आरोपी याहून कठोर शिक्षेस पात्र आहे असे त्याचे मत झाले तर त्याने काय करावे, आणि मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याच्या सात वर्षांच्या अधिकाराशी त्याची गाठ कशी पडते, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. तो वायदा मी एका आठवड्याने तहकूब करीत आहे. ज्याचे आयुष्य फौजदारी न्यायालयांच्या ओसरीवर गेले, त्याच्याकडून वाचकांनी निराळी अपेक्षा ठेवली नसावी.

तहकुबीला कारण डोंबिवलीहून आलेले एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांचे वडील शाळेत शिक्षक होते आणि चाळीतल्या त्यांच्या दारावर ‘विशेष कार्यकारी दंडाधिकारी’ अशी पाटी होती. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की गुणपत्रिकांच्या नकला साक्षांकित करून घेणाऱ्या मुलांची रांग जिन्याच्या तळापर्यंत जाई. मूळ प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिल्याखेरीज वडील शिक्का उमटवीत नसत, आणि त्याबद्दल छदामही घेत नसत. ‘माझे बाबा मॅजिस्ट्रेट आहेत, असे मी वर्गात मोठ्या रुबाबाने सांगत असे,’ असे लिहून त्या विचारतात, ‘पण त्यांनी मनात आणले असते, तर एखाद्याला खरोखर तुरुंगात धाडता आले असते काय?’

उत्तर एका अक्षरी द्यायचे तर ‘ना’. परंतु त्या नकाराच्या पोटात इतकी मौज दडलेली आहे की नुसते उत्तर देऊन पुढे जाणे माझ्याने होणार नाही.

गेले काही आठवडे आपण ज्या पायऱ्या चढत आलो, त्या साऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या होत. त्यांच्या शेजारी दुसरा एक जिना आहे. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर हे दोन्ही जिने जवळजवळ उभे असलेले दिसतात : एकीकडे जिल्हा न्यायालय आणि दुसरीकडे जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी. जिल्हाधिकारी हाच जिल्हादंडाधिकारी. त्याच्याखाली प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, आणि त्याच्याखाली कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने तहसीलदार. जमावबंदीचा हुकूम काढणे, सार्वजनिक उपद्रव हटविणे, जमिनीच्या ताब्यावरून डोकी फुटण्याचा संभव असेल तेथे तूर्त कोणाचा ताबा मानावा हे ठरविणे, संशयास्पद रीतीने मृत्यू झाला असता चौकशी करणे, अशी नाना प्रकारची कामे या जिन्यावर होतात. मात्र गुन्हा शाबीत धरून शिक्षा ठोठावण्याचे काम या जिन्याच्या कोणत्याही पायरीवर होत नाही. जिल्ह्यात ज्याच्या शब्दाला एवढे वजन, तो जिल्हादंडाधिकारीसुद्धा चोरीच्या आरोपीस एका दिवसाची साधी कैद देऊ शकत नाही, आणि कल्याणच्या न्यायालयात काल-परवा रुजू झालेला तरुण न्यायदंडाधिकारी मात्र त्यास तीन वर्षे आत ठेवू शकतो. आमच्या शिक्षकांची नेमणूक या दुसऱ्या जिन्यावरची. १९७३ च्या फौजदारी संहितेच्या कलम २१ अन्वये राज्य शासनाला विशिष्ट क्षेत्रापुरते किंवा विशिष्ट कामापुरते विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमता येत, आणि शासन जेवढे अधिकार लिहून देई तेवढेच त्यांना मिळत. त्यांचा सारा अधिकार त्या लेखी हुकुमात मावत असे.

हे दोन जिने पूर्वी एकच होते. १८९८ च्या संहितेत दंडाधिकाऱ्यांचे तीन वर्ग होते : मूळच्या तरतुदीनुसार पहिल्याला दोन वर्षे कैद आणि हजार रुपये दंड, दुसऱ्याला सहा महिने आणि दोनशे रुपये, तिसऱ्याला एक महिना आणि पन्नास रुपये. तालुक्याचा मामलतदार बहुधा यांपैकी एखाद्या वर्गाचा अधिकार बाळगून असे. म्हणजे जो सकाळी सारा वसूल करी, तोच दुपारी खुर्ची सरकवून फिर्याद ऐके. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या निकालावर अपील जाई ते जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे मामलतदाराची बढती आणि बदली ज्याच्या हाती त्या कलेक्टरकडेच. १८९८ च्याही आधीपासून चालत आलेल्या या व्यवस्थेचे व्यंग जितक्या उघडपणे क्रॉफर्ड प्रकरणात दिसले तितके अन्यत्र क्वचितच दिसले असेल. ज्याच्या नावाची मंडई मुंबईत आजही गजबजलेली असते, तो आर्थर क्रॉफर्ड पुढे कमिशनर झाला, आणि १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखाऊपणाचे आरोप आले. लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलतदारांना मुंबई सरकारने अभय दिले. तेव्हा विलायतेतील टीकाकारांनी विचारले, की पैसे चारल्याचे स्वमुखाने सांगणारी ही मंडळी उद्या पुन्हा दंडाधिकारी म्हणून आसनावर बसून इतरांचा न्याय करणार काय? सरकारला त्या मामलतदारांच्या संरक्षणासाठी १८८९ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला. टिळकांनी मामलतदारांची बाजू हिरिरीने मांडली ती सरकारने दिलेल्या वचनाच्या पावित्र्यासाठी. परंतु महसूल आणि न्याय एका हाती असण्यातला धोका त्या वादाने चव्हाट्यावर आणला, यात शंका नाही. राष्ट्रीय सभेने १८८६ पासून ही फारकत मागितली, आपल्या राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदाने ती राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितली, आणि मुंबई राज्याने १९५१ साली कायदा करून १ जुलै १९५३ पासून ती अमलात आणली. उर्वरित देशाला हे शहाणपण सरसकट लाभले ते १ एप्रिल १९७४ रोजी, १९७३ ची संहिता लागू झाली तेव्हा.

आता शिक्षकांच्या पाटीकडे परत येऊ. अधिकार थोडका आणि मान मोठा, अशी नेमणूक आपल्याकडे नवी नाही. १८३४ साली मुंबईत ज्या पहिल्या हिंदी गृहस्थांना ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमले गेले, त्यांत कल्याणच्या पलीकडच्या मुरबाडात जन्मलेले नाना शंकरशेट होते. त्या जे. पी. मंडळींच्या हाती नगरव्यवस्थेची काही खरी सत्ता होती. पुढे ती नगरपालिकेकडे गेली आणि नावापुढची अक्षरे तेवढी प्रतिष्ठेची खूण म्हणून उरली. विशेष कार्यकारी दंडाधिकारी हा त्याच घराण्यातला. त्याच्या शिक्क्याची निकड शासनाने ‘विशेष कार्यकारी अधिकारी’ नेमून भागवली, आणि २०१५ साली नागरिकांनी आपल्या कागदांवर आपणच सही करावी असे ठरवून ती निकडही पुष्कळशी संपविली.

परंतु शिक्षकमहाशयांचे सारे काम शिक्क्यापुरतेच होते असे त्यांच्या कन्येने समजू नये. अशा विशेष दंडाधिकाऱ्यांना पोलीस आणखी एका कामासाठी बोलावीत आणि आजही बोलावतात : ओळख परेडीसाठी. संशयिताला त्याच्याच वयाच्या आणि बांध्याच्या निदान सहा माणसांमध्ये उभे करावयाचे, त्याची जागा त्यालाच निवडू द्यावयाची, साक्षीदाराला आधी दुसऱ्या खोलीत ठेवावयाचे, आणि घडले ते पंचांसमक्ष टिपून ठेवावयाचे. हे पोलिसाने स्वतः का करू नये? याचे उत्तर मुंबईतल्याच एका खटल्यात आहे. हॉर्नबी रोडवरील लॉइड्स बँकेवर १९५१ च्या एप्रिलात सशस्त्र दरोडा पडला. त्या प्रकरणी रामकिशन मिठनलाल शर्मा याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली असे सांगितले की, परेड पोलिसांनी चालविली असेल तर ‘हाच तो’ हे साक्षीदाराचे बोट दाखविणेदेखील पोलिसांपुढचा जबाबच ठरते आणि पुराव्यात घेता येत नाही. पोलिसांनी तेथून सर्वस्वी दूर झाले पाहिजे आणि ओळख पंचांपुढेच झाली पाहिजे. तेथे उभ्या राहणाऱ्या त्रयस्थाचे महत्त्व यात आहे. तो किती वर्षांची शिक्षा देऊ शकतो हे तेथे कोणी विचारीत नाही. तो पोलीस नाही, एवढी एकच योग्यता पुरते.

आणि इथेच मला जी गोष्ट बरीच वर्षे खटकत आली ती सांगतो. कार्यकारी दंडाधिकारी शिक्षा देत नाही असे वर म्हटले, ते अक्षरशः खरे असले तरी एका दाराने तो माणसाला तुरुंगात पोहोचवू शकतो. डोंबिवली-कल्याणच्या नाक्यांवर ज्याला ‘चॅप्टर’ म्हणतात, ते हे दार. जुन्या संहितेच्या आठव्या प्रकरणावरून पडलेले हे नाव, २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच मजकूर नवव्या प्रकरणात गेला तरी, बोलण्यातून काही जात नाही. अमुक इसमाकडून शांततेचा भंग होण्याचा संभव आहे असे दिसले की त्याला नोटीस काढून, चौकशी करून, एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा मुचलका आणि जामीनदार मागता येतात. निवडणूक किंवा दहीहंडी जवळ आली की या नोटिसांचा हंगाम येतो. मुचलका दिला नाही, किंवा जामीनदार मिळाला नाही, तर तो देईपर्यंत वा मुदत संपेपर्यंत रवानगी तुरुंगात. दाद मागावयाची ती सत्र न्यायालयात. कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसतो, आणि कैद मात्र द्वितीय वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याला देता येते तेवढी, म्हणजे वर्षापर्यंतची, होऊ शकते.

ग्रामीण भागात हे काम तहसीलदार किंवा प्रांत करतो, आणि पोलिसांचा प्रस्ताव निदान दुसऱ्या खात्याच्या मेजावर जातो. परंतु १९८१ साली ठाण्याला पोलीस आयुक्तालय झाले, कल्याण-डोंबिवलीही त्यात आली, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत हे दंडाधिकारी अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले. वर्षानुवर्षे चॅप्टरची प्रकरणे सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालत आली : पोलीस ठाण्याच्या निरीक्षकाने प्रस्ताव धाडावयाचा आणि त्याच्या वरिष्ठाने तो ऐकावयाचा. नव्या संहितेच्या कलम १५ ने तर पोलीस अधीक्षक आणि त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमण्याची मुभा शब्दांतच देऊन टाकली. शहरात दंगल उसळत असता निर्णयाला विलंब परवडत नाही, हे समर्थन मी पुष्कळ ऐकले आहे आणि जमावबंदीपुरते ते मला पटतेही. पण एका माणसाकडून वर्षाचा मुचलका मागण्यात कोणती घटकाभराची घाई असते? ज्या परेडीत दंडाधिकाऱ्याला कोणाचे काहीच बिघडविता येत नाही, तेथे पोलिसाची सावलीही नको असा आमचा कटाक्ष. आणि जेथे माणूस प्रत्यक्ष गजाआड जातो, तेथे फिर्याद मांडणारा आणि हुकूम देणारा एकाच गणवेशातले असले तरी आम्हांस चालते. कलेक्टर आणि मामलतदाराची जी जोडी मोडावयास १८८६ पासून सदुसष्ट वर्षे लागली, तिचीच ही धाकटी आवृत्ती आहे, असे माझे मत आहे.

तेव्हा भगिनींनी निःशंक असावे. त्यांच्या वडिलांना कोणास तुरुंगात धाडता आले नसते. पण परेडीला त्यांना बोलावणे आले असेल, तर निरपराध माणूस चुकीच्या बोटाखाली सापडू नये याची राखण त्यांच्याकडे होती, आणि नकलेची ओळ न् ओळ ताडून पाहणारा मनुष्य तेथे योग्यच ठरला असता. वर्गातला रुबाब अगदीच निराधार नव्हता.

पुढील आठवड्यात, आणखी कोणाचे पत्र आडवे आले नाही तर, तीन वर्षांच्या अधिकाऱ्यापुढून सात वर्षांच्या अधिकाऱ्यापुढे खटला कसा जातो ते पाहू. त्यासाठी १९०३ चे ताईमहाराज प्रकरण वाचकांनी आठवून ठेवावे : पुण्यात क्लेमंट्स या दंडाधिकाऱ्याने टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला होता. पहिल्या वर्गाचे वर दिलेले आकडे त्या शिक्षेशेजारी ठेवून पाहिले, तर त्याने अधिकाराची किती मर्यादा शिल्लक ठेवली होती हे ज्याचे त्याला कळेल.