कामगाराचे शिकणे कोणाच्या दफ्तरात?

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत लाईनजवळ एक तक्ता लावलेला असतो. डावीकडे कामगारांची नावे, वरच्या ओळीत कामे: प्रेस चालवणे, स्पॉट वेल्डिंग, सीएनसीचे सेटिंग, अंतिम तपासणी. प्रत्येक चौकोनात चार भाग पाडलेले एक वर्तुळ. पाव भाग रंगवला असेल तर माणूस शिकतो आहे, अर्धा असेल तर देखरेखीखाली काम करतो, पाऊण असेल तर एकट्याने करतो, आणि पूर्ण असेल तर तो दुसऱ्यालाही शिकवू शकतो. या तक्त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. कामगाराच्या कसबाची इतकी नेमकी नोंद त्याच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रातही नसते. मात्र नोकरी सुटली की ती भिंतीवरच राहते. चार मशीनवर पूर्ण वर्तुळ मिळवलेला ऑपरेटर पुढच्या गेटवर उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात फार तर अनुभवाचा दाखला असतो. त्यावर हुद्दा असतो, तारखा असतात. त्याला काय येते हे नसते.

याचे कारण ही नोंद मुळात कामगारासाठी ठेवलीच जात नाही. आयएसओ ९००१ हे मानक कर्मचाऱ्याच्या सक्षमतेचा लेखी पुरावा जपायला सांगते. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ त्याहून पुढे जाते: कामाच्या जागी दिलेले प्रशिक्षण कंत्राटी माणसांपर्यंतही पोहोचले पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ठेकेदाराकडून आलेल्या मुलाच्या शिकण्याचीही नोंद होणे अपेक्षित आहे. पण ती वाचणार कोण? ऑडिटर. म्हणून ऑडिट जवळ आले की हजेरीपत्रकांवरच्या सह्या पुऱ्या केल्या जातात, हे या क्षेत्रात कोणाला नवे नाही. ज्या माणसाबद्दलची नोंद, त्यालाच तिचा उपयोग नसेल, तर ती खरी आहे की नाही याची काळजी कोण करणार? माझ्या मते दुखणे इथे आहे, आणि त्यावरचा तांत्रिक उपाय आता तयार आहे.

प्रशिक्षणाच्या नोंदींना समान रूप देण्याची सुरुवात विमान उद्योगाने केली. एकाच बनावटीचे विमान अनेक कंपन्या उडवतात, तेव्हा संगणकावरचे प्रशिक्षणही सगळीकडे चालले पाहिजे, म्हणून १९८८ मध्ये एआयसीसी ही समिती स्थापन झाली. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल या उपक्रमातून स्कॉर्म हे मानक आले. आज कंपनीच्या पोर्टलवर सुरक्षेचा कोर्स करताना ‘पूर्ण’ अशी खूण आणि गुण दिसतात, ते बहुधा स्कॉर्मचेच काम. त्याची मर्यादा उघड आहे. पडद्यावरचा कोर्स त्याला कळतो. मशीनपाशी उस्तादाने डाय कशी बसवायची ते दाखवले आणि मुलाने ती बसवली, हे त्याला कळत नाही. २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या मानकाने ती भिंत पाडली. त्यात प्रत्येक नोंद साध्या वाक्यासारखी असते: कोणी, काय केले, कशावर. त्याला निकाल, वेळ आणि ही नोंद कोणाच्या अधिकाराने झाली, हेही जोडता येते. कोर्स, सिम्युलेटर, सुपरवायझरचा मोबाइल, असे कुठूनही हे वाक्य येऊ शकते आणि ते एका नोंदकोठारात साठते. तिथे एकदा आलेली नोंद बदलता येत नाही. खतावणीत चुकीची रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद टाकतात, तसेच इथेही ती रद्द ठरवणारी दुसरी नोंद करावी लागते. ऑडिटच्या आदल्या रात्री मागच्या तारखेच्या सह्या घेण्याची सवय अशा व्यवस्थेत सहज उघडी पडते, कारण घटना कधी घडली आणि नोंद कधी साठवली, या दोन्ही वेळा वेगवेगळ्या राहतात. २०२३ मध्ये आयईईई या संस्थेने एक्सएपीआयला आपले अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली.

उद्योजकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही शिकवायचे आणि शेजारच्याने दोन हजार जास्त देऊन माणूस न्यायचा. ही अडचण खोटी नाही. पण माणसे आजही जातातच. फक्त नव्या ठिकाणी त्यांना पुन्हा पाव वर्तुळापासून सुरुवात करावी लागते आणि त्या फेरशिक्षणाचा, बिघडलेल्या मालाचा खर्च दुसरा कारखाना सोसतो. तोच कारखाना उद्या आपला पुरवठादार असतो. छोट्या युनिटना हे परवडणार नाही, हा आक्षेप अधिक रास्त वाटतो. पण ही मानके खुली आहेत, नोंदकोठाराचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मिळते, आणि सामायिक सुविधा उभारण्याची या औद्योगिक परिसराला सवय आहे. वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर त्याच विचारातून उभे राहिले. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमकडे हात आणि डोळा तयार करण्याचा अनुभव आहे. कोणते कसब कसे तपासायचे याची समान यादी तिथे बनू शकते. ती यादी नसेल तर मानक निरुपयोगी ठरेल, कारण एका कारखान्याचे ‘सेटिंग येते’ आणि दुसऱ्याचे ‘सेटिंग येते’ यांत मोठे अंतर असू शकते.

मला सर्वांत गंभीर वाटतो तो तिसरा आक्षेप, कामगाराच्या बाजूचा. हर हालचालीची नोंद म्हणजे हर हालचालीवर पाळत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या काही कारणांसाठी संमतीशिवायही माहिती वापरू देतो, तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. म्हणून दोन अटी आधी हव्यात: शिकण्याच्या नोंदी शिक्षेसाठी वापरायच्या नाहीत, आणि प्रत्येक नोंदीची प्रत कामगाराच्या हाती असलीच पाहिजे. प्रत हाती असेल तर राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याचाही त्याला उपयोग होईल. तिथे ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट धरले जाते, मूल्यमापन झालेले कामावरचे शिक्षणही त्यात बसते. अडते ते पुराव्यापाशी.

सुरुवात अप्रेंटिसपासून करावी. त्यांच्या प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकावर आधीच बंधनकारक केले आहे, त्यामुळे नवे ओझे फारसे नाही. सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजकांच्या दोन्ही संघटनांनी आपल्या सभासदांकडून एवढे ठरवून घ्यावे: मुदत संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला त्यांच्या शिकण्याची पूर्ण नोंद, दुसऱ्या कारखान्याला वाचता येईल अशा रूपात, शेवटच्या दिवशीच द्यायची.