नरोरानंतरची दहा वर्षं

2025 च्या डिसेंबरात संसदेनं आठवड्याभरात 'शांती' विधेयक मंजूर केलं. 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा दायित्वाचा कायदा, दोन्ही निकालात निघाले. अणुवीज केंद्रं उभारायची आणि चालवायची मुभा खासगी कंपन्यांना मिळाली. त्या रात्री मी लावलेल्या वाहिनीवर दोन पक्षांचे प्रवक्ते होते आणि शेअर बाजारातले एक तज्ज्ञ. 2047 पर्यंत शंभर गिगावॉट, हा आकडा तिघांच्याही तोंडी होता. आज आपण नवाच्या घरात आहोत. जमिनीवर बोलून झालं, भांडवलावर बोलून झालं, अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची यावर तर हमरीतुमरी झाली. पण रात्री तीन वाजता त्या कंट्रोल रूममध्ये बसणार कोण, आणि तो माणूस तिथं बसायच्या लायकीचा आहे की नाही हे तपासणार कोण, हे काही कुणी विचारलं नाही. माणसं जणू टर्बाइनच्याच खोक्यातून येणार आहेत.

मला हा प्रश्न पडतो तो माझ्या पत्त्यामुळे. मी मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याच्या बाजूला राहतो. पूर्व उपनगरांत अणुऊर्जा खातं म्हणजे शेजार. मुलुंड, घाटकोपर, चेंबूर इथल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी सकाळी ट्रॉम्बेच्या बसला गेलेलं असतं. केंद्रं चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचं मुख्यालय अणुशक्तीनगरात, आणि त्या केंद्रांवर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळही अणुशक्तीनगरातच. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच स्टॉपवर उतरतात, हा आमच्याकडचा जुना विनोद.

सुरुवातीच्या वर्षांचा मला कंटाळा आहे. 1956 ची अप्सरा, 1957 चं ट्रेनिंग स्कूल, 1969 चं तारापूर, नेहरू आणि भाभा यांचे फोटो: हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे आणि तिथंच बरं आहे. सत्तरच्या दशकात आपली माणसं भट्ट्या बांधण्यात गर्क होती. भट्टी चालवणं ही वेगळी विद्या आहे हे जगालाच 1979 मध्ये थ्री माइल आयलंडच्या अपघातानं शिकवलं. तिथल्या चौकशी आयोगानं ऑपरेटरांच्या प्रशिक्षणावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी एकमेकांची केंद्रं तपासायला स्वतःची संस्था काढली. चेर्नोबिलनंतर, 1989 मध्ये मॉस्कोत, जगभरच्या चालकांची 'वानो' ही संघटना उभी राहिली. मधल्या काळात, 1983 मध्ये, आपल्याकडे नियामक मंडळ स्थापन झालं. ते ज्यांना उत्तरदायी होतं, त्यांचीच केंद्रं त्यानं तपासायची होती. 1987 मध्ये कॉर्पोरेशन आली. झालं. आता 1993 कडे येऊ.

त्या वर्षीच्या 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. सगळी वर्तमानपत्रं झवेरी बाजार, शेअर बाजार, सेंच्युरी बाजार आणि वरळीनं भरून गेली होती. बरोबर एकोणीस दिवसांनी, 31 मार्चच्या पहाटे, उत्तर प्रदेशात गंगेकाठी नरोराच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची दोन पाती तुटली. हादऱ्यानं जनरेटरची हायड्रोजनची सील गेली, हायड्रोजन पेटला, तेल पेटलं, आग केबलींवर चढली. मुख्य पुरवठा आणि पर्यायी पुरवठा दोन्हींच्या केबली अशा शेजारी शेजारी टाकल्या होत्या की एकीबरोबर दुसरीही गेली. केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिलं. धुरामुळे माणसांना कंट्रोल रूम सोडावी लागली. भट्टी बंद झाली होती, पण ती बंदच राहावी म्हणून काही ऑपरेटर टॉर्च घेऊन अंधारात इमारतीच्या वर चढले आणि त्यांनी हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांचं पाणी बाष्पजनित्रांत घालून भट्टीची उष्णता काढली.

हे सगळं तेव्हा लगेच बाहेर आलं नाही. जे आलं होतं, त्याचं मी माझ्या त्या वेळच्या दैनिकासाठी हजारभर शब्दांचं टिपण केलं. वृत्तसंपादकांनी ते पाचव्या पानावर चार ओळींत उरकलं आणि मला म्हणाले, "किरणोत्सर्ग झालाय का? मग बातमी कसली?" ते गृहस्थ पुढे मोठे झाले, पुरस्कार-बिरस्कार मिळाले, आणि परवा 'अणुऊर्जेची सोनेरी पहाट' असा अग्रलेख लिहिते झाले. वाचला. त्यात नरोरा हा शब्द नाही.

नरोराचं पुढे जे कळत गेलं ते जास्त अस्वस्थ करणारं होतं. टर्बाइनच्या त्या पात्यांच्या आराखड्यात दोष आहे हे मूळ ब्रिटिश कंपनीनं 1989 मध्येच कळवलं होतं; सुधारित नकाशेही तयार झाले होते; पाती मात्र जुनीच फिरत राहिली. केबलींचा धडा तर त्याहून जुना. 1975 मध्ये अमेरिकेत ब्राउन्स फेरीला एका मेणबत्तीनं केबली पेटल्या, तेव्हापासून सगळ्या जगाला ठाऊक होतं की दोन वाटांच्या केबली वेगळ्या ठेवायच्या. ठाऊक असणं आणि आपल्या केंद्रात तसं आहे का हे जाऊन बघणं, यांत अठरा वर्षं गेली.

रात्रपाळीच्या पोरांनी देश वाचवला, अशी भाषा त्यांच्याबद्दल कुणी केली नाही, आणि त्यांनीही केली नसती. त्यांनी त्या अंधारात जे केलं ते पाठ होतं म्हणून केलं, एवढंच. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना अप्पा म्हणते. ऑपरेटर म्हणून सुरुवात करून ते पुढे प्रशिक्षणात गेले. गॅलरीत बसून त्यांनी मला त्या वर्षी समजावलं होतं: आधी फील्डमध्ये, म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये, प्रत्येक यंत्रणेची चेकलिस्ट वरिष्ठाच्या सहीनं पुरी करायची, मग लेखी परीक्षा, मग वॉक-थ्रू, म्हणजे परीक्षकाबरोबर केंद्रात फिरत 'हा व्हॉल्व्ह बंद पडला तर काय होईल' याची उत्तरं द्यायची, मग सिम्युलेटर, शेवटी नियामक मंडळाच्या समितीपुढे तोंडी. एवढं करून हातात पडतं ते लायसन्स, तेही मुदतीचं. मुदत संपली की परत परीक्षा. शिफ्ट चार्ज इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

त्या दशकात खात्यातली हवा बदलली असं मी म्हणतो, तेव्हा अणुविरोधी मित्र चिडतात. त्यांच्याशीही माझा जुना हिशेब आहे. त्यांना बॉम्बमध्ये रस होता, तत्त्वात रस होता; केबली कशा टाकल्यात यात नव्हता. 1994 च्या मेमध्ये कैगाच्या बांधकामाधीन घुमटाचं काँक्रीट आतल्या बाजूनं सुटून पडलं, जूनमध्ये काकरापारला पुराचं पाणी टर्बाइन इमारतीत शिरलं, आणि आमच्या सभांमधून हिरोशिमाच चालू होतं. प्रश्न विचारले ते आतल्याच माणसानं. डॉ. ए. गोपालकृष्णन 1993 ते 1996 नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात मंडळानं देशभरच्या केंद्रांतल्या सुमारे 130 सुरक्षाविषयक त्रुटींची यादी केली. यादी गोपनीय राहिली, अध्यक्षांना दुसरी मुदत मिळाली नाही, आणि पुढे ते बाहेरून बोलत राहिले. खात्यातले लोक त्यांच्यावर आजही चिडतात. मला त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत होता येत नाही, पण असा एक माणूस त्या खुर्चीत बसून गेला हे चांगलं झालं.

आणि मग बाहेरची माणसं येऊ लागली. दशक सरता सरता वानोची पीअर रिव्ह्यूची पथकं आपल्या केंद्रांवर यायला लागली. 1998 मध्ये पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या, अमेरिका आणि जपाननं निर्बंध घातले, तरी चालकांच्या या संघटनेचं दार आपल्याला बंद झालं नाही. आपण तिच्या टोकियो केंद्राचे सभासद. गंमत म्हणजे पाकिस्तानही तिथलाच.

पथकात निरनिराळ्या देशांतले चालक इंजिनिअर असतात आणि ते दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकतात. कागद बघतात, पण त्यांचा जास्त वेळ नुसतं बघत उभं राहण्यात जातो. पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला काय सांगतो. अलार्म वाजला की ऑपरेटर आधी पॅनेलकडे बघतो की साहेबाकडे. पंपाखाली तेलाचं थारोळं किती दिवसांचं आहे. प्रत्येक गोष्टीचं ऑब्झर्व्हेशन लिहून ते केंद्रातल्या काउंटरपार्टसमोर ठेवायचं, त्यानं वाद घालायचा, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या वरिष्ठांसमोर निकाल. अप्पा पुढे स्वतः अशा पथकातून जपानला गेले. तिथले ऑपरेटर बटण दाबण्याआधी त्याच्याकडे बोट करून मोठ्यानं नाव घेतात, हे बघून त्यांना आपल्या लोकलचा मोटरमन आठवला; तोही एकटा केबिनमध्ये सिग्नलकडे हात करून पुकारा करतोच की.

अप्पांच्या मते ऑपरेटर शिकवणं सोपं, मॅनेजर शिकवणं अवघड. ऐकलेला हुकूम शब्दशः परत म्हणायचा आणि हुकूम देणाऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं, ही जगभरची रीत. वर्गात ती सांगितली की एखादे वरिष्ठ साहेब म्हणत, "माझं बोलणं त्यानं मला परत ऐकवायचं? मग साहेब कोण?" ज्युनिअर माणूस 'थांबा' म्हणाला तर थांबायचं, ही गोष्ट पन्नाशीच्या अधिकाऱ्याच्या गळी उतरवणं हे अप्पांचं आयुष्यभराचं काम. पथकापुढे भिंती रंगवून, कुंड्या मांडून बसणारी केंद्रं त्यांनी बघितली. रंग ओला होता, एवढं एक ऑब्झर्व्हेशन त्यांनी एकदा लिहिलं होतं म्हणे.

या पाहण्यांचं आणि शिकवणीचं फळ दिसलं. नव्वदच्या मध्यावर आपली केंद्रं क्षमतेच्या साठेक टक्के चालत. नवं शतक उजाडेपर्यंत ती ऐंशीच्या पुढे गेली. 2003 च्या सुरुवातीला कॅनडाच्या धर्तीच्या जड पाण्याच्या भट्ट्या चालवणाऱ्यांच्या संघटनेनं काकरापारला उत्तम ठरवलं. त्या दिवशी अप्पांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. बहुतेकांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

पुढची वीस वर्षं मी भराभर ओलांडतो. अमेरिकेशी अणुकरार झाला, फुकुशिमाचा अपघात झाला. आणि फुकुशिमाची मालक तेप्को कंपनी टोकियोचीच, पथकांच्या पाहणीत वाढलेली, हे पथकांचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये. त्यानंतर वानोनं पाहण्यांमधलं अंतर सहा वर्षांवरून चारवर आणलं. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक रावतभाट्याला येऊन गेलं, त्याच वर्षी 'कॅग'नं नियामक मंडळाच्या दुबळेपणावर ताशेरे ओढले, 2015 मध्ये दुसरं पथक खुद्द मंडळाला तपासायला मुंबईत आलं. 2018 मध्ये कैगाचं पहिलं युनिट सलग 962 दिवस चालून थांबलं. बातमी आली, पण ते चालवणाऱ्या पाळ्यांचा फोटो काही मला कुठं दिसला नाही.

जे हरवलं ते वर्तमानपत्रांत हरवलं. 1995 मध्ये मुंबईच्या मराठी पत्रकारांत पीएचडब्ल्यूआर म्हणजे आपली जड पाण्याची भट्टी हे जाणणारे थोडे का होईना, होते. आता प्रेसनोट येते, जशीच्या तशी लागते.

आणि जे सुधारलं नाही ते म्हणजे कुलूप. वानोचा अहवाल ज्याचं केंद्र त्याच्याच हातात. बाहेरच्याला दिसत नाही. माणसं मोकळेपणानं बोलावीत म्हणून हे, हे कारण मला पटायचं, कारण ते केंद्र सरकारी मालकीचं होतं आणि संसदेत निदान प्रश्न विचारता येत होता. आता तेच केंद्र खासगी कंपनीचं असेल. नवा कायदा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देतो, हे बेचाळीस वर्षं उशिरा का होईना, चांगलं झालं. पण माहिती निर्बंधित ठरवायचा अधिकार सरकारनं स्वतःकडे ठेवलाच आहे. त्यात धंद्याच्या गुपिताचं दुसरं कुलूप पडेल. एका कंपनीचे इंजिनिअर प्रतिस्पर्धी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये दोन-तीन आठवडे वह्या घेऊन उभे राहतील, हे ज्याला शक्य वाटतं त्यानं एकदा मोबाइल कंपन्यांची भांडणं आठवावीत.

नवं केंद्र सुरू करताना इंधन भरणं, पहिली क्रांतिकता म्हणजे साखळी प्रक्रिया सुरू होणं, मग पायरीपायरीनं शक्ती वाढवणं, या प्रत्येक टप्प्याला मंडळाची वेगळी परवानगी लागते, आणि दर वेळी माणसांची तयारीही तपासली जाते. कर्जाचं व्याज रोज चढत असताना 'अजून तुमची तिसरी पाळी तयार नाही' असं सांगणारा परीक्षक कुणाला हवा असणार?

अप्पांना गेल्या महिन्यात एका कंपनीचा फोन आला. मॅनेजर मंडळींसाठी सहा आठवड्यांचा कोर्स होईल का, मानधन असं असं. मी म्हटलं, "अप्पा, नाही म्हणा. तुमचं नाव वापरतील आणि सहा आठवड्यांत सर्टिफिकेटं वाटतील." अप्पा म्हणाले, "मी नाही म्हटलं तर सहाचे तीन करतील." त्यांनी होकार कळवला. आता नातू त्यांच्या नरोराच्या जुन्या ट्रान्सपरन्सी स्कॅन करत बसलाय; निम्म्या पिवळ्या पडल्यात, आणि केबलींचा नकाशा पुन्हा हातानं काढावा लागणार आहे.