जुनी करिझ्मा घरीच कशी सांभाळायची? काय स्वतः करायचं आणि कुठे पाना खाली ठेवायचा

२००३ साल. रस्त्यावर १०० सीसीच्या गाड्यांचं राज्य होतं. गाडी घ्यायची म्हणजे पहिला प्रश्न एकच, "देते किती?" अशा काळात हिरो होंडाने एक गाडी आणली. पुढे अर्धं फेअरिंग, २२३ सीसीचं इंजिन, साधारण १७ पीएसची ताकद आणि जाहिरातीत हृतिक रोशन. नाव, करिझ्मा.

ज्यांना परवडली त्यांनी घेतली, ज्यांना नाही परवडली त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तिचं चित्र काढलं.

तेव्हाची ती पोरं आज चाळिशीत आहेत. त्यातल्या कित्येकांच्या पार्किंगमध्ये ती गाडी अजून उभी आहे, कव्हरखाली. आणि त्यांच्या पुढची पिढी आता तीच गाडी सेकंड हँड शोधून घेते आहे. पण गाडी घेतल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. शोरूमवाल्यांना या गाडीत फार रस नसतो, ज्याला तिची नस माहीत आहे असा जुना मेकॅनिक दर गल्लीत सापडत नाही. मग यूट्यूब बघून माणूस घरीच पाना हातात घेतो.

त्यात चूक काहीच नाही. फक्त कुठल्या कामात चुकलं तर पैसे जातात आणि कुठल्या कामात चुकलं तर जीव जातो, हे आधी माहीत पाहिजे.

तर आधी गाडी समजून घेऊ.

जगात स्पोर्ट टूरिंग म्हणतात ती जात म्हणजे रेसिंग बाइकसारखं वाकून बसायला लावत नाही, पण वळणावर मजा देते आणि दिवसाला चारशे किलोमीटर कापले तरी पाठ शाबूत ठेवते. परदेशात या जातीत होंडाची व्हीएफआर ८०० किंवा एसटी ११०० यांसारख्या मोठ्या गाड्या येतात. आपल्याकडे ती हौस सर्वसामान्यांसाठी करिझ्माने भागवली. साधारण १५ लिटरची टाकी, वारा अडवणारं फेअरिंग आणि तासन्‌तास एका वेगात पळणारं इंजिन.

हे इंजिन होंडाच्या सीआरएफ २३० या ऑफरोड बाइकच्या इंजिनाचं भावंड. हवेवर थंड होणारं, एकच सिलिंडर, दोनच व्हॉल्व्ह. म्हणजे घरच्या घरी हात घालायला यापेक्षा सोपं इंजिन मिळणं अवघड. २००९ मध्ये झेडएमआर आली, तिला फ्युएल इंजेक्शन आणि ऑइल कूलर होता. ती जास्त हुशार गाडी, पण घरी दुरुस्तीला जास्त किचकट. कार्बोरेटर उघडून साफ करता येतो, सेन्सर उघडून काही उपयोग नसतो.

पुढे हिरो आणि होंडा वेगळे झाले. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले, त्यात जुनी करिझ्मा आली नाही. २०२३ मध्ये आलेली करिझ्मा एक्सएमआर २१० सीसीची, लिक्विड कूल्ड आणि पूर्णपणे वेगळी गाडी आहे. त्यामुळे नावावर जाऊन तिचे इंजिनचे पार्ट जुन्या गाडीला बसतील, असं समजू नका.

आता पाना हातात घ्यायच्या आधीचं काम. मॅन्युअल मिळवा, छापील नाहीतर पीडीएफ. फेअरिंग काढताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक पॅनेलचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा. वीस वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. लॉक कुठे आहे ते न बघता ओढलं की कान तुटला म्हणून समजा. नवीन पॅनेल मिळवणं ही या गाडीची सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे, इंजिनपेक्षाही मोठी.

ऑइल बदलणं हे पहिलं काम, आणि चुका इथेच जास्त होतात.

पहिली चूक, कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतणं. बाइकमध्ये क्लचच्या प्लेट इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारला ती चांगली, पण बाइकच्या क्लचला घर्षणच हवं असतं. मग आरपीएम वाढतो, गाडी पळत नाही, आणि माणूस क्लच प्लेट बदलायला निघतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलंय का ते बघा, आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये दिली असेल तीच घ्या.

दुसरी चूक, ड्रेन बोल्ट जीव खाऊन आवळणं. बोल्ट लोखंडाचा, इंजिनचं केसिंग अॅल्युमिनियमचं. ताकदीच्या भांडणात अॅल्युमिनियम हरतं, आटे जातात आणि शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं. टॉर्क रेंच घेतला तर उत्तम. नसेल तर छोट्या पान्याने, मनगटाच्या जोरावर आवळा. खांदा लावायचा नाही. वॉशर दरवेळी नवीन.

आणि निघालेलं काळं ऑइल गटारात नाही. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते घेणारे येतात.

चेनचं काम सोपं वाटतं. पण घरी होणाऱ्या सगळ्यात भीषण जखमा याच कामात होतात.

डबल स्टँडवर गाडी, पहिल्या गिअरमध्ये चालू, चाक आपोआप फिरतंय आणि एक जण फडकं लावून चेन पुसतोय. असे व्हिडिओ ढिगाने सापडतील. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेलं की बोट त्याच्या मागे जातं. बोट वाचवायला वेळ मिळत नाही. त्यामुळे इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचं. कितीही वेळ लागला तरी.

चेनचा ढिलेपणा मोजतानाही एक गंमत आहे. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवत गेलं की एका जागी ती घट्ट लागते, दुसरीकडे लोंबते. माप घट्ट जागेवर घ्यायचं, नाहीतर लोंबत्या जागेवर बरोबर वाटलेली चेन घट्ट जागी आल्यावर बेअरिंग ओढत राहते. किती ढील ठेवायची तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास. मागचं चाक सरकवल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या का बघा आणि एक्सलचा नट विसरू नका. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे दिसत असतील, तर नुसती चेन बदलण्यात अर्थ नाही. पूर्ण चेन सेट बदलावा लागतो.

आता ब्रेक. इथे जरा थांबून वाचा.

समजा एकाने रविवारी पुढचे ब्रेक पॅड बदलले. नवीन पॅड जाड असतात, त्यामुळे कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याने ढकलला, पॅड बसवले, बोल्ट आवळले आणि गाडी बाहेर काढली. सोसायटीच्या गेटवर ब्रेक दाबला. लिव्हर सरळ हँडलला टेकली, गाडी थांबलीच नाही.

बिघाड काहीच नव्हता. पिस्टन मागे गेला की पॅड आणि डिस्कमध्ये फट राहते, ती पहिल्या काही दाबांत भरून निघते. ते दाब गाडी जागेवर असतानाच द्यायचे असतात. म्हणजे पॅड बदलले की लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करायची आणि मगच गाडी हलवायची. एवढंच. पण हे न केल्यामुळे पहिला ब्रेक रिकामा जातो आणि तो नेमका चौकात जाऊ शकतो.

पिस्टन ढकलताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं. ते सांडलं तर टाकीचा रंग खातं, म्हणून खाली ओलं फडकं हवं. डिस्कवर ग्रीस किंवा स्प्रे उडू द्यायचा नाही. मूळ करिझ्माला मागे ड्रम ब्रेक आहे, तो उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकर मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कपड्याने पुसायचं.

ब्रेक ऑइलची अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांवर उकळतं, ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. शहरात फरक कळत नाही. पण ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना ब्रेक सतत तापतात, ओल आलेलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे लिव्हर स्पंजसारखी मऊ पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. डबीच्या झाकणावर जो दर्जा लिहिलाय तोच वापरायचा. आणि ज्याने आयुष्यात कधी ब्रेकमधली हवा काढलेली नाही, त्याने हे पहिल्यांदा एकट्याने करू नये. पैसे देऊन करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

मग पेट्रोलचा विषय, ज्यावर सध्या सगळेच भांडतायत.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. करिझ्माच्या काळात याचा विचारच नव्हता. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, त्यात काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं म्हटलं होतं.

व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं इंजिन एका रात्रीत खलास होत नाही. पण पेट्रोलचा पाइप वीस वर्षांचा असेल तर तो आजच बदला. तो वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर ठिबकू शकतं. पाइप आणि क्लिप मिळून खर्च किरकोळ आहे.

खरा त्रास उभ्या गाडीला होतो. इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात तर जास्तच. ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं, गंज धरतो आणि तोच गंज कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकायचं. हे काम उघड्यावर करा. बंद बाल्कनीत, बाजूला देवघर किंवा गॅस असताना नाही.

बॅटरीच्या बाबतीत एक स्वस्त मल्टीमीटर अर्धी भांडणं मिटवतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या मध्ये गेला पाहिजे. तो १२ वरच अडकला तर दोष बॅटरीचा नाही, चार्जिंगचा. तो १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि नवीन बॅटरीही तो खाणार. न तपासता बॅटरीमागून बॅटरी बदलणारे लोक कमी नाहीत.

टॅपेट सेट करणं घरी जमू शकतं, पण इंजिन पूर्ण थंड हवं आणि फिलर गेज हवा. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करू नका. व्हॉल्व्ह नीट मिटला नाही तर जळतो. थोडं टकटक करणारं इंजिन चालतं, जास्त घट्ट केलेलं टॅपेट महागात पडतं.

टायरकडे मात्र हौशी लोकच दुर्लक्ष करतात. नक्षी छान दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर तसाच ठेवतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. रबर वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर ते आधी कळतं.

पुढच्या शॉकअपचे ऑइल सील, हँडलचा कोनसेट, टायमिंग चेन, इंजिन उघडणं, या कामांना घरी हात लावू नका. त्यासाठी खास हत्यारं लागतात. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ आहेच, पण जाताना जुना पार्ट सोबत न्या. मूळ गाडी, आर आणि झेडएमआर यांचे पार्ट सारखे दिसले तरी सगळे एकमेकांना बसत नाहीत. ब्रेक पॅड आणि केबलमध्ये स्वस्त डुप्लिकेट घेऊ नका. आरसा, इंडिकेटर चालून जातात.

कागदांचंही बघून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर आरटीओत गाडी दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. २००३ ची करिझ्मा असेल तर ही फेरी एकदा नाही, दोनदा झालेली असली पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना आरसीवरची तारीख आधी बघा, इंजिन नंतर. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना राज्यात एचएसआरपी नंबरप्लेटही सक्तीची आहे.

आणि काम झाल्यावर थेट हायवे नाही. आधी जागेवर दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, मग गल्लीतच वीसच्या वेगाने एक फेरी मारून दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासायचे. परत आल्यावर खाली ऑइलचा थेंब पडलाय का ते बघायचं. पन्नासेक किलोमीटर झाले की जे जे नट उघडले होते त्या प्रत्येकावर पुन्हा एकदा पाना लावायचा, एक्सलपासून सुरुवात करून.