बोर्ड दुकानात वाकवून कळत नाही

सोलापुरात बर्फ पडत नाही. फार तर अवकाळी पावसात गारा पडतात. त्यामुळे इथल्या कुणाला स्नोबोर्ड घ्यायचा असेल, तर आधी उभं राहून बघायला उतार नाही आणि विचारायला शेजारी जाणकार नाही. प्रवास मात्र आता अवघड राहिलेला नाही. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून थेट दिल्लीला पोचवते. 6 जून 2025 रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्यापासून श्रीनगरपर्यंत रुळांवरूनच जाता येतं. तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. इकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, त्याच जानेवारीत तिकडचा हंगाम भरात असतो. अडतं ते बोर्डापाशी. व्हिडिओ पाहून, कंपनीचे तक्ते वाचून आणि कुणाच्या तरी मित्राच्या सांगण्यावरून जी मतं बनतात, त्यांतली बरीच बर्फावर टिकत नाहीत. विशेषतः ‘ऑल-माउंटन फ्रीस्टाइल’ या प्रकाराबद्दल.

या नावातच अर्धा घोळ आहे. फ्रीस्टाइल म्हटलं की हवेत गिरक्या घेणारे खेळाडू डोळ्यांपुढे येतात आणि ‘हा आपल्यासाठी नाही’ असं वाटतं. खरं तर हा दोन्हीकडे चालणारा बोर्ड. यंत्राने दाबून सारखा केलेला उतार, ताजा भुसभुशीत बर्फ, झाडांमधली वाट या सगळ्यांवर तो चालला पाहिजे. शिवाय छोट्या उड्या आणि पाय बदलून उलट्या दिशेने चालवणं, ज्याला ‘स्विच’ म्हणतात, तेही त्यावर जमलं पाहिजे. म्हणून त्याचं पुढचं आणि मागचं टोक सारखं किंवा जवळजवळ सारखं असतं. नवख्या माणसाचा बोर्ड घसरत घसरत उलटा फिरतोच. तेव्हा दोन्ही टोकं सारखी असली तर त्याचा फायदाच होतो.

सगळ्या परिस्थितीत चालणारी वस्तू कुठल्याच एका परिस्थितीत अव्वल नसते, हे आधी मान्य करावं लागतं. खोल बर्फात खास त्यासाठी बनवलेला रुंद नाकाचा बोर्ड हिच्यापुढे जाईल. कडक उतारावर शर्यतीचा ताठ बोर्ड पुढे जाईल. म्हणून ‘सर्वांत चांगला कुठला?’ या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या वजनाला, तुमच्या वेगाला आणि तुम्ही जाणार त्या बर्फाला कुठली तडजोड मानवते, एवढंच तपासता येतं.

‘हनुवटीपर्यंत आला की झालं’

भाड्याच्या दुकानात बोर्ड उभा धरतात आणि हनुवटीपाशी टोक आलं की हातात देतात. ही पद्धत सोपी आहे, पण बोर्डाला उंची कळत नाही, वजन कळतं. 170 सेंटिमीटर उंचीची दोन माणसं घ्या: एकाचं वजन 58 किलो, दुसऱ्याचं 82. हनुवटीच्या मापाने दोघांना एकच बोर्ड मिळेल. हलक्या माणसाला तो वाकवताच येणार नाही, आणि जड माणसाच्या पायाखाली तो वेगात थरथरेल. कंपन्यांचे तक्ते म्हणूनच वजनावर आधारलेले असतात.

लांबीइतकीच महत्त्वाची असते मधली रुंदी, आणि तिकडे कुणी बघत नाही. बूट बोर्डाच्या कडेबाहेर फार आला, तर वळताना अंगठा किंवा टाच बर्फाला घासते आणि माणूस फेकला जातो. आपल्याकडच्या मापाने दहा नंबरच्या पुढचा बूट असेल तर ‘वाइड’ बोर्ड मागावा. लहान पावलाला मात्र रुंद बोर्ड आळशी वाटतो, कारण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो.

‘ताठपणा पाच म्हणजे मध्यम’

बोर्डाच्या माहितीत बहुधा 1 ते 10 असा ताठपणाचा आकडा दिलेला असतो. सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं असं कुठलंही माप त्यामागे नाही. एका कंपनीचा 5 दुसरीच्या 7 इतका ताठ असू शकतो. एकाच कंपनीचे दोन बोर्ड आपापसांत ताडून पाहायला तो आकडा बरा. त्यापलीकडे त्यावर विसंबू नये.

हाताने वाकवून पाहणं तर याहून फसवं. दुकानात आपण टोक जमिनीवर टेकवून मधोमध दाबतो. उतारावर वळताना सगळं वजन, आणि वळणाच्या जोराने त्याहूनही जास्त भार, दोन पायांमधून बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीच्या, तबकड्यांवर येतो. शिवाय बोर्ड नुसता वाकत नाही, पिळलाही जातो. वळण सुरू करताना पुढच्या पायाच्या चवड्यावर किंवा टाचेवर भार दिला, की बोर्डाचा पुढचा भाग मागच्याच्या आधी कलतो. हा पीळ सहज होतो की अडून राहतो, यावर बोर्डाचा अर्धा स्वभाव ठरतो, आणि दुकानात तो कळत नाही.

हे समजायला सोलापूरकराला कुठे जावं लागत नाही. घरातली सोलापुरी चादर घ्या. दोघांनी लांबीच्या बाजूने ताणली, तर ती तसूभर वाढत नाही, कारण ताण्याचे धागे त्याच दिशेला आहेत. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरकी ओढा: लगेच लांबते, चौकोनाचा शंकरपाळा होतो. तिरक्या दिशेला धागाच नाही. बोर्डातही लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली काचतंतूंचं कापड राळेत बुडवून चिकटवलेलं असतं. त्यातले तंतू नुसते उभे-आडवे असतील तर त्याला ‘बायॅक्स’ म्हणतात. पीळ पडतो तेव्हा ताण 45 अंशांच्या तिरक्या दिशेने येतो आणि तिकडे तंतू नसल्याने बोर्ड सहज पिळतो. ‘ट्रायॅक्स’मध्ये लांबीच्या तंतूंखेरीज दोन्ही बाजूंना 45 अंशांत तिरके तंतू घातलेले असतात. असा बोर्ड पिळाला विरोध करतो आणि कडक उतारावर कड जास्त घट्ट धरतो. म्हणजे लांबीत सारखेच वाकणारे दोन बोर्ड वळणाला अगदी वेगळे वाटू शकतात. माहितीपत्रकात मला काही शोधायचं असेल तर आधी हे शोधेन, ताठपणाचा आकडा नंतर.

कॅम्बर आणि रॉकर यांच्याबद्दलही अशीच घाईची मतं ऐकू येतात: कॅम्बर जुना आणि तज्ज्ञांचा, रॉकर नवा आणि सोपा. बोर्ड फरशीवर ठेवा. मधला भाग उचललेला असून दोन टोकांपाशी टेकला, तर तो कॅम्बर. मध्ये टेकून टोकं उचललेली असली, तर रॉकर. पहिला वजनाखाली सपाट होतो, कडेवर भार लांबवर पसरवतो, उडी घेताना उसळी देतो. पण चुकीच्या क्षणी कड अडकली तर चूक पदरात घालतो. दुसरा चुका पोटात घेतो, खोल बर्फात नाक वर ठेवतो, पण टणक बर्फावर सैल वाटतो. आज या प्रकारातले पुष्कळ बोर्ड दोन्हींचं मिश्रण असतात. नावावरून निकाल लावता येत नाही, कारण तेच मिश्रण मऊ गाभ्यात एक वागतं आणि ताठ गाभ्यात दुसरं.

बाजूच्या वक्रतेची त्रिज्या, समजा 8 मीटर, लिहिलेली दिसली की ‘वळण 8 मीटरचं होणार’ असं समजतात. ते वळण बोर्ड जवळजवळ सपाट असतानाचं. बोर्ड कडेवर जितका कलेल तितकं वळण लहान होतं: टणक उतारावर 45 अंश कलवला तर साधारण 5.7 मीटर, 60 अंश कलवला तर 4. आकडा बोर्डाचा असला तरी वळण चालवणाऱ्याचं असतं.

‘वजनाने बर्फ वितळतो म्हणून बोर्ड घसरतो’

हा गैरसमज शाळेपासून आपल्याबरोबर आहे. दाब दिला की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरं. पण किती? एक अंश खाली आणायला हवेच्या दाबाच्या सुमारे 135 पट दाब लागतो. 70 किलोचा माणूस सपाट बोर्डावर उभा राहिला तर तो भार साधारण 0.3 चौरस मीटरवर पसरतो. दाब होतो हवेच्या दाबाच्या चाळिसाव्या भागाएवढा. त्याने वितळणबिंदू अंशाच्या पाच हजाराव्या भागानेही हलत नाही. बर्फाच्या कणांच्या टोकांवर दाब बराच जास्त असतो हे धरलं, तरी शून्याखाली दहा-पंधरा अंशांच्या थंडीत हिशोब जुळत नाही.

मायकेल फॅरडेने 1850 मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अतिपातळ थर असतो. पुढे 1939 मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला प्रयोग करून दाखवलं, की घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने थोडा बर्फ वितळतो आणि तेच वंगण होतं.

बोर्ड पारखताना या भौतिकशास्त्राचा थेट उपयोग आहे. फार थंड, कोरड्या बर्फावर पाण्याचा थर अपुरा पडतो आणि बोर्ड रेटावा लागतो. मार्चमधल्या दुपारच्या ओल्या बर्फावर पाणी इतकं होतं की तळ चिकटल्यासारखा खेचला जातो. मधल्या तापमानाला तोच बोर्ड सुसाट जातो. म्हणून ‘हा बोर्ड संथ आहे’ असं वाटलं तर आधी हवामान आणि तळाचं मेण बघावं. तळ पॉलिथिलिनचा असतो. मेण संपलं की कडांलगत पांढुरका, कोरडा दिसतो. स्वस्त बोर्डांत तो वितळवून साच्यातून रेटून काढलेला असतो, महागांत पूड दाबून घडवलेला. दुसरा प्रकार मेण जास्त पितो आणि वेगवान असतो, पण वेळच्या वेळी मेण मिळालं तरच. मेणाशिवाय वापरलेला महाग तळ आणि नीट मेण लावलेला स्वस्त तळ यांत मी दुसरा घेईन.

मग पारख करायची कशी?

दोन बोर्ड पारखायचे तर दोन्हींवर बूट तेच, बाइंडिंग शक्यतो तीच, तिचे कोन आणि दोन पायांमधलं अंतर तेच हवं. पावलं पाच सेंटिमीटर मागे सरकली तरी वळणाचा स्वभाव बदलतो, आणि दोष बोर्डाला लागतो. उतारही तोच हवा. पहिली फेरी अंग मोकळं करायला. ती मोजायची नाही.

त्यानंतर पहिला बोर्ड, मग दुसरा, आणि मग पुन्हा पहिला. ही तिसरी फेरी बहुतेक जण टाळतात, आणि चूक तिथेच होते. सकाळी गोठलेला उतार अकरापर्यंत मऊ होतो, दुपारी खणला जातो. पहिला बोर्ड कडक बर्फावर आणि दुसरा मऊ बर्फावर चालवला, तर तुम्ही बर्फाची तुलना केलीत. पहिल्यावर परतल्यावरही फरक तसाच जाणवला, तरच तो बोर्डाचा.

प्रत्येक फेरीत तीन-चार गोष्टी जाणून बुजून करा. सावकाश वेगात वळून बघा: वळण पायाच्या इशाऱ्याने सुरू होतं की अंग फेकावं लागतं? मग मध्यम वेगात एका कडेवर आडवे जा आणि थांबून मागे वळून आपला माग पाहा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ असेल तर कडेने धरलं. हातभर रुंद फरफट असेल तर घसरलं. जाणिवा फसवतात, माग फसवत नाही. सपाट जागेवर मागच्या पायावर भार देऊन उडी घ्या आणि उसळी आपसूक येते की पायांनी जोर लावावा लागतो ते बघा. शेवटी उलट्या पायाने काही वळणं. खोल बर्फ मिळाला तर मागच्या मांडीकडे लक्ष द्या: नाक वर ठेवायला ती भरून येत असेल, तर बोर्ड त्या बर्फाला आखूड किंवा फार ताठ आहे.

हे गुलमर्गला खालच्या सौम्य उतारांवर करावं. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या बाजूला साधारण 3,950 मीटरवर सोडतो. सोलापूर पाचशे मीटरच्याही खाली. पहिल्याच दिवशी तिथे धाप लागलेला माणूस बोर्डाची पारख करू शकत नाही, आणि हिमस्खलनाच्या उतारांवर जाणत्या गाइडशिवाय पाऊल टाकूच नये. जो अजून दोन्ही कडांवर सलग वळणं घेऊ शकत नाही, त्याने पारख करण्याच्या फंदात न पडता भाड्याचा मऊसर बोर्ड घेऊन शिकावं. भाड्याचा घेताना नखाची पाठ कडेवर हलकी ओढून बघावी: नखाचा भुगा निघाला तर धार आहे. बाइंडिंगचे स्क्रू स्वतः तपासावेत.

आणि एक खास आपल्याकडची भीती: ‘सोलापूरच्या उन्हाळ्यात बोर्ड खराब होईल.’ मेण लावताना तळावर शंभर अंशांहून गरम इस्त्री फिरवतात. 43 अंशांच्या सावलीत त्याला काही होत नाही. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत उन्हात मात्र महिनोन्महिने ठेवू नये, त्याने थर सुटण्याचा धोका वाढतो. खरा शत्रू ओल आहे, कारण कडा पोलादी असतात. त्या बाबतीत सोलापूरची कोरडी हवा कोकणापेक्षा बरी. परतल्यावर कडा कोरड्या पुसून, तळावर आणि कडांवर जाडसर मेण द्यावं, ते न खरवडता बोर्ड पलंगाखाली आडवा ठेवावा, आणि पुढच्या हंगामाला निघण्याआधी खरवडून काढावं.