माहीत आहे, पण आठवत नाही

मागच्या भागात आपण झोपेबद्दल बोललो होतो. आजचा विषय मी निवडलेला नाही, तो स्वतःच घरी चालत आला.

निवृत्त झाल्यापासून मी कोलकात्यात, खिदिरपूरला राहतो. सासर इथलंच. जवळच गोदी आहे, १८९२ साली सुरू झालेली. गेल्या पावसाळ्यात तिथं लागलेल्या एका जहाजावरचा साताऱ्याकडचा तरुण पत्ता शोधत माझ्याकडे आला. मी सिग्नल्समधला माणूस. त्याचे वडील माझ्या हाताखाली नाईक होते. १९९४ साली अरुणाचलात टेलिफोनची तुटलेली लाईन जोडायला गेले असताना दरड कोसळली आणि ते गेले. हा तेव्हा दोन वर्षांचा. चहा झाल्यावर म्हणाला, "साहेब, तुम्ही तिथं होता. बाबांचं काहीतरी सांगा."

मी सांगितलं. तारीख, वेळ, ठिकाण, पार्टीत किती जण, पाऊस किती दिवस चालू होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "हे पत्रात आहे साहेब. आईनं जपून ठेवलंय."

ते पत्र मीच लिहिलं होतं. तीस वर्षांनी मी त्याला माझंच पत्र तोंडपाठ म्हणून दाखवत होतो. घटना मला माहीत होती, पण आठवत काहीच नव्हतं.

हा फरक नीट मांडला एंडेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञानं, १९७२ साली. ज्ञानाची स्मृती वेगळी आणि प्रसंगाची स्मृती वेगळी, असं त्याचं म्हणणं. इथले शेजारी मला गमतीनं 'बर्गी' म्हणतात. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यातला तो शब्द. त्यांच्या भीतीनं कलकत्त्याभोवती खणलेला खंदक 'मराठा डिच' म्हणून इतिहासात राहिला. बंगालमध्ये पोराटोरांना बर्गी माहीत असतो, आठवत मात्र कुणालाच नाही. माझी गोची अशी की मी त्या दरडीपाशी हजर होतो, आणि तरी ती माझ्याकडे बर्गीसारखीच उरली होती.

टल्व्हिंगनं टोरांटोतला एक रुग्ण अनेक वर्षं अभ्यासला. शास्त्रीय लेखांत त्याला के. सी. म्हणतात. १९८१ साली मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर मार लागला. बुद्धी शाबूत, भाषा शाबूत, बुद्धिबळ खेळता येई. पण आयुष्यात खेळलेला एकही डाव आठवत नसे. आपला भाऊ वारला हे त्याला माहीत होतं, पण ती बातमी कळली तो क्षण त्याच्याकडे नव्हता. हे वाचताना मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो.

आता वायरिंगकडे येऊ. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांचे लांब तंतू जुडग्यांनी एका भागातून दुसऱ्या भागात जातात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. आमच्या केबलवरचं इन्सुलेशनच समजा, संदेश त्यामुळे वेगानं जातो. एखादा प्रसंग मेंदूत एका कपाटात ठेवलेला नसतो. दृश्य डोक्याच्या मागच्या भागात, आवाज कानाच्या बाजूला, भीतीची धग आणखी कुठे. हे तुकडे पुन्हा एका कॉलवर आणण्याचं काम प्रामुख्यानं हिप्पोकॅम्पस करतो. तो आमचा एक्स्चेंज ऑपरेटर. त्याच्यापासून निघणारी एक मोठी केबल कमानीसारखी वळून मेंदूच्या आतल्या भागात उतरते. तिचं नाव फॉर्निक्स, लॅटिनमध्ये अर्थ कमानच.

खिदिरपूरला गोदीच्या तोंडावर उचलता येणारा पूल आहे. जहाज आत यायचं असलं की रस्ताच वर उठतो. दोन्ही काठांवर माणसं, रिक्षा, माल, सगळं जागच्या जागी असतं, फक्त पलीकडे जाता येत नाही. आठवण 'गेली' असं आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा काठ शाबूत असतो आणि पूल वर असतो.

केबलच्या टोकाला इजा झाली तर काय होतं, हे सैनिकांनी फार महाग किंमत देऊन दाखवलं आहे. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर हजारो युद्धकैद्यांना पॉलिश केलेल्या तांदळावर दिवस काढावे लागले. ब जीवनसत्त्वातलं थायमिन संपलं. भूक मरायची, उलट्या व्हायच्या, बुबुळं थरथरायची आणि नुकतं घडलेलं विसरायला व्हायचं. त्यांच्यातच कैदी असलेल्या डी वॉर्डनर या डॉक्टरनं नोंदी जपल्या आणि लेनॉक्ससोबत ५२ रुग्णांचा वृत्तांत १९४७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. या आजारात जिथं घाव बसतो, त्यात फॉर्निक्स जिथं उतरते त्या मॅमिलरी बॉडीज येतात. इतकीशी जागा, पण तिथं बिघाड झाला की नव्या आठवणी धरायला आधार राहत नाही. सैन्यात शिधा मोजून देतात त्याची मी तरुणपणी चेष्टा करायचो. आता करत नाही.

पण धडधाकट माणसांचं काय? जिवंत माणसाची केबल उघडून बघता येत नाही. त्यावर युक्ती अशी, की पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेनं सहज सरकतात आणि आडवे कमी सरकतात. एमआरआयच्या एका प्रकारात हे सरकणं मोजतात आणि त्यावरून लाईन कुठून कशी गेली आहे याचा अंदाज बांधतात. २०१७ साली कार्डिफमधल्या संशोधकांनी तरुणांना एकेक शब्द देऊन स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले. ज्यांच्या फॉर्निक्सची रचना चांगली दिसली, ते प्रसंगाचे बारकावे जास्त सांगत. दुसरी एक केबल आहे, मेंदूच्या मागून कानशिलाकडे येणारी. तिचा संबंध दिसला तो ज्ञानाच्या तपशिलाशी. म्हणजे टल्व्हिंगनं कागदावर मांडलेल्या दोन स्मृतींच्या लाईनीही काही प्रमाणात वेगळ्या निघाल्या. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं मात्र नाही. उद्या कुणी फॉर्निक्स सुधारायच्या गोळ्या विकायला आला, तर दार लावून घ्या.

आणखी एक भानगड. आठवण दर वेळी नव्यानं जोडली जाते. आमच्या इमारतीतल्या एका आजी ५ डिसेंबर १९४३ च्या रविवारी लहान होत्या. त्या दिवशी जपानी विमानांनी या गोदीवर बॉम्ब टाकले. भोंगा वाजला तेव्हा वडिलांच्या हातातून ताट पडलं, असं त्या सांगतात. कधी ताट असतं, कधी लोटा. त्या खोटं बोलत नाहीत. ऑपरेटर दर वेळी तुकडे जोडतो, एखादा शेजारचा तुकडा त्यात येतो.

त्या मुलाला मी म्हणालो, दरडीचं विचारू नकोस, बाबांच्या हातांचं विचार. तारखेनं माहितीचंच कपाट उघडतं. वास, स्पर्श, हाताची एखादी लकब यांनी कधी कधी पूल खाली येतो. घरात जुन्या केबलचा तुकडा होता, तो मी काढला. रबराचा वास आला आणि त्याच्याबरोबर नाईक आला. खांबाला टेकून उभा, चिमटा खिशात असताना इन्सुलेशन दातानं सोलणारा. मी त्यावरून रागवायचो. त्या सवयीनं त्याच्या पुढच्या डाव्या दाताचा टवका उडाला होता, आणि हसताना तो वरचा ओठ खाली ओढून धरायचा.

मुलानं मोबाईलमधला फोटो दाखवला. युनिफॉर्ममधला, तोंड मिटलेलं. मला शंका आली, मीच तर हे आत्ता जोडलं नाही ना? तो उठून बाल्कनीत गेला आणि आईला फोन लावला. बराच वेळ आतपर्यंत फक्त त्याचं "हं, हं" ऐकू येत होतं.

परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते. म्हणाला, "आई म्हणते, डावा नाही साहेब. उजवा."